बूथमागे चार मतं: अटीतटीच्या राज्यात पक्ष जिंकतात कसे?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त थोडं नीटनेटकं केलंय.)

भिंगारमधून बोलतोय. मागे पाथर्डी रोडच्या गाड्यांचा आवाज येईल, तेवढा सांभाळून घ्या.

मागच्या एपिसोडनंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा होता: "दादा, तू आयटीत आहेस, दिवसभर डेटा बघतोस. मग सांग ना, महाराष्ट्रासारख्या राज्यात निवडणूक जिंकायची असेल तर पक्षानं नक्की काय करायचं? पैसा, जात, की लाट?"

चांगला प्रश्न आहे. मी कुठल्या पक्षात नाही आणि आज कुणाची बाजूही घेणार नाही. फक्त आकडे मांडतो. उदाहरण शोधायला लांब जायची गरज नाही, आपला नगर जिल्हाच पुरेसा आहे. (हो, आता अहिल्यानगर. पण एसटीच्या रांगेत अजून सगळे नगरच म्हणतात, मीपण म्हणणार.)

आधी राज्याचा एक आकडा. लोकसभा २०२४: ४८ जागा, महाविकास आघाडी ३०, महायुती १७, सांगलीत एक अपक्ष. ऐकलं की वाटतं केवढी लाट होती! आता मतं बघा. दोन्ही बाजूंना साधारण ४३ ते ४४ टक्क्यांच्या दरम्यान मतं मिळाली. फरक एका टक्क्याचाही नाही. तरी जागा ३० आणि १७.

पाच महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये विधानसभा. महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांना २३० जागा, आघाडीच्या तीन पक्षांना ४६. मतांमध्ये फरक साधारण ४९ विरुद्ध ३५ टक्क्यांचा. म्हणजे मतं दीडपटीच्या आतबाहेर आणि जागा पाचपट.

हे असं का होतं? कारण आपल्याकडे ज्याची मतं सगळ्यात जास्त, त्याची सीट. दुसऱ्या नंबरच्या मतांचं काहीच होत नाही. मुंबई उत्तर पश्चिममध्ये रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. अमोल कीर्तिकरांना मिळालेल्या लाखो मतांचं मोल त्या दिवशी शून्य झालं.

मग माझा आजचा मुद्दा एकच आहे. अटीतटीच्या राज्यात पक्ष जिंकतो तो समोरच्याचे मतदार ओढून आणून कमी, आणि स्वतःची गळती थांबवून जास्त. नळाला पाणी किती जोरात आलं यापेक्षा टाकीत किती राहिलं ते महत्त्वाचं. भिंगारकरांना हे वेगळं समजवायला नको!

आता गळत्या कुठे कुठे असतात ते बघू.

पहिली गळती: जागावाटप

२०१९ ची लोकसभा आठवा. काँग्रेस-राष्ट्रवादीच्या वाटपात नगरची जागा राष्ट्रवादीकडे होती. सुजय विखेंना लढायचं होतं. त्यांचे वडील राधाकृष्ण विखे पाटील तेव्हा काँग्रेसकडून विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. बघा, विरोधी पक्षनेत्याच्या घरातला उमेदवार, पण जागा सुटली नाही. सुजय विखे भाजपमध्ये गेले आणि राष्ट्रवादीच्या संग्राम जगतापांना त्यांनी २ लाख ८१ हजार मतांनी हरवलं.

२०२४ ला सांगलीत जवळपास तीच गोष्ट. आघाडीनं जागा ठाकरे गटाला दिली, काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले.

युतीची बेरीज कागदावर सोपी असते. २० अधिक २० म्हणजे ४०. प्रत्यक्षात कार्यकर्ता विचारतो, "ज्याच्याशी दहा वर्षं भांडलो, त्याचाच झेंडा आता खांद्यावर घ्यायचा का?" याचं उत्तर नेत्यांनी वेळेत दिलं नाही तर २० अधिक २० चे ३२ होतात. म्हणून ज्या युतीचं जागावाटप लवकर मिटतं आणि नाराज माणसाला आधीच काहीतरी मिळतं, तिची निम्मी लढाई तिथंच होते.

दुसरी गळती: उमेदवार

त्याच नगरमध्ये २०२४ ला काय झालं? सुजय विखे समोर, आणि राष्ट्रवादी शरद पवार गटाकडून पारनेरचे नीलेश लंके. २ लाख ८१ हजारांचं लीड गेलं, आणि लंके २८,९२९ मतांनी जिंकले. विखेंची मतं पाच वर्षांत ७ लाख ४ हजारांवरून ५ लाख ९५ हजारांवर आली.

कारणं बरीच. कांद्याची निर्यातबंदी होती, ती मतदानाच्या जेमतेम नऊ दिवस आधी, ४ मे ला उठली. दुधाच्या भावाचा राग होता. पण उमेदवाराचा भागही मोठा होता. कोरोनात भाळवणीला लंकेंनी उभारलेलं कोविड सेंटर लोकांनी बघितलेलं होतं. प्रचारात त्यांच्या इंग्रजीचा विषय निघाला. तो टोमणा गावाकडे उलटा बसला, कारण आपल्यातल्या निम्म्या लोकांना तो स्वतःलाच मारल्यासारखा वाटला. नंतर लंकेंनी संसदेत शपथ इंग्रजीत घेतली, ती क्लिप तुम्ही पाहिलीच असेल.

पक्षानं यातून काय घ्यायचं? अटीतटीच्या जागेवर उमेदवार निवडताना "याच्या मागे किती गाड्या" हे मोजण्याआधी "अडचणीत लोकांनी याला फोन केला होता का" हे मोजा.

तिसरी गळती: चिन्ह

ही छोटी वाटते, पण ऐका. शरद पवार गटाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. मुक्त चिन्हांच्या यादीत 'ट्रम्पेट' नावाचं दुसरं चिन्ह होतं, त्याचंही मराठी नाव तुतारीच. साताऱ्यात शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले, आणि तिथं ट्रम्पेटवाल्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. नगरमध्येही तशाच चिन्हावरच्या अपक्षाला ४० हजारांच्या वर मतं गेली, पण इथं लंके तरीही वाचले. ती सगळीच मतं चुकून पडली असं कुणी सिद्ध करू शकत नाही. पण नवीन चिन्ह असेल तर म्हाताऱ्या आजीला ते मशीनवर कसं दिसेल, हे दारात जाऊन दाखवावंच लागतं. इन्स्टाग्राम रील आजीपर्यंत पोचत नाही.

चौथी गळती: हरल्यानंतरचे महिने

हा मला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो. ४ जूनला लोकसभेचा निकाल लागला. २८ जूनला राज्याच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना आली. महिन्याला १,५०० रुपये. ऑगस्टमध्ये पैसे खात्यात यायला लागले, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर आचारसंहिता लागायच्या आधी नोव्हेंबरपर्यंतचे पाच हप्ते, म्हणजे ७,५०० रुपये देण्याची व्यवस्था झाली. शेतीपंपांना साडेसात अश्वशक्तीपर्यंत वीजबिल माफी जाहीर झाली. आघाडीनं महिलांना ३,००० रुपयांचं आश्वासन दिलं. पण खात्यात आलेले दीड हजार जाहीरनाम्यातल्या तीन हजारांपेक्षा जड असतात.

हाच प्रयोग मध्य प्रदेशात २०२३ ला लाडली बहना म्हणून झाला होता, तिथं भाजपला २३० पैकी १६३ जागा मिळाल्या. म्हणजे यशस्वी झालेला कोड उचलला आणि इथं चालवला. पण फक्त योजनेनं निवडणूक जिंकता येते असं समजू नका. त्याच वेळी राजस्थानात काँग्रेस सरकारच्या योजना कमी नव्हत्या, तरी ते सरकार गेलं.

महायुतीनं आणखी एक गोष्ट केली: लोकसभेला घरात बसलेला आपला मतदार शोधला. राज्याचं मतदान साधारण ६१ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेलं. दुसऱ्या बाजूला लोकसभेच्या विजयानंतर मुख्यमंत्री कोण होणार याची चर्चा आधी सुरू झाली आणि जागावाटप शेवटच्या दिवसांपर्यंत लांबलं.

निकाल बघा. नगर लोकसभेत सहा विधानसभा येतात. मे महिन्यात लंके जिंकले, नोव्हेंबरमध्ये त्याच सहापैकी पाच महायुतीनं घेतल्या. जिल्ह्यात १२ पैकी १०. संगमनेरमध्ये १९८५ पासून सलग आठ वेळा निवडून आलेले बाळासाहेब थोरात १०,५६० मतांनी हरले. मतदार तेच, गावं तीच, मध्ये गेले सहा महिने.

ज्यानं हार नीट वाचली तो जिंकला. ज्यानं जीत कायमची समजली तो हरला.

पाचवी गळती: बूथ

पारनेर विधानसभा. राणी लंके हरल्या १,५२६ मतांनी. कर्जत-जामखेड. रोहित पवार जिंकले १,२४३ मतांनी. राज्यात २८८ मतदारसंघ आणि एक लाखाच्या आसपास मतदान केंद्रं, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी साडेतीनशे. १,५२६ भागिले ३५०. किती आलं? साडेचारच्या आत. बूथमागे चार-साडेचार मतं! आणि समोरच्याचं एक मत आपल्याकडे आलं की फरक दोननं कमी होतो. म्हणजे खरं तर बूथमागे दोन-तीन माणसं.

ही दोन-तीन माणसं कोण असतात? एक पुण्यात हिंजवडीत नोकरी करतो आणि बुधवारी सुट्टी घेऊन आला नाही. एकीचं लग्न झालं, नाव अजून माहेरच्या यादीत आहे. एकाचं नाव यादीत आहे, पण केंद्र बदललंय आणि त्याला कुणी सांगितलं नाही. यादीचा विषय तर पेटलेलाच आहे. लोकसभा आणि विधानसभेच्या मध्ये राज्याच्या यादीत साधारण ४० लाख नावं वाढली, विरोधकांनी त्यावर आरोप केले, आयोगानं ते फेटाळले. माझं म्हणणं साधं आहे: प्रत्येक पक्षाला बूथवर प्रतिनिधी नेमता येतो, प्रारूप यादीवर हरकत घेता येते. ते काम ऑगस्टमध्ये करायचं असतं. निकालाच्या दिवशी त्याचा उपयोग नसतो.

आणि हे फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन नावाचं राज्य २०१६ ला ट्रम्प २२,७४८ मतांनी जिंकले, २०२० ला बायडन २०,६८२ मतांनी. अख्खं राज्य! आपल्या नगर लोकसभेचा फरक त्याहून मोठा होता.

एक सावधगिरीपण सांगतो, कारण हेही नगरचंच आहे. १९९१ ला इथं यशवंतराव गडाख विरुद्ध बाळासाहेब विखे पाटील अशी लढत झाली. गडाख जिंकले, पण प्रचारात विरोधी उमेदवारावर केलेल्या आरोपांवरून प्रकरण कोर्टात गेलं आणि १९९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निवड रद्द ठरवली. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं. आज ग्रुपवर वाट्टेल ते फॉरवर्ड करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे प्रकरण एकदा वाचावं.

मग आपलं काय?

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं पक्षांसाठी झालं. आपण भिंगारचे, आपल्याला काय मिळालं?

बघा, भिंगार कॅन्टोन्मेंटमध्ये आहे. खासदार आपण निवडतो, आमदार निवडतो. पण गल्लीतलं पाणी, गटार, घराच्या बांधकामाची परवानगी ज्या बोर्डाकडे आहे, त्याची शेवटची निवडणूक झाली जानेवारी २०१५ मध्ये. ३० एप्रिल २०२३ ला देशभरातल्या ५७ कॅन्टोन्मेंटमध्ये मतदान ठरलं होतं, ते मार्चमध्येच रद्द झालं. नागरी भाग वेगळा काढून शेजारच्या स्थानिक संस्थेत घ्यायची चर्चा सुरू आहे. म्हणजे आज विशीत असलेल्या इथल्या पोरानं आपल्या वॉर्डाच्या सदस्याला आयुष्यात एकदाही मत दिलेलं नाही.

ही माझ्या मते सगळ्यात मोठी गळती आहे, आणि ती कुठल्याच पक्षाच्या एक्सेल शीटमध्ये नाही. कारण पक्षाला मत जिथं मोजलं जातं तेवढंच दिसतं.

पण वरचं गणित उलटं करून बघा ना. बूथमागे चार मतांवर आमदार ठरत असेल, तर एका गल्लीतली चाळीस माणसं फार मोठी ताकद आहे. फक्त ती चाळीस माणसं एकत्र, एकच लेखी मागणी घेऊन, तिकीट जाहीर व्हायच्या आधी उभी राहिली पाहिजेत. मतदानाच्या आदल्या रात्री आलेल्या पाकिटापेक्षा हे खूप महाग पडतं. त्यांना, आपल्याला नाही. आणि आश्वासन कशात लिहून घ्यायचं तेही आधी ठरवा. लाडक्या बहिणीचे २,१०० करू असं प्रचारात सांगितलं होतं, मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ते आलं नाही. ज्यांनी विचारलं त्यांनाच निदान उत्तर तरी द्यावं लागलं.

तर मंडळी, या आठवड्याचं काम: मतदार यादीत स्वतःचं नाव शोधा. ॲपवर दोन मिनिटं लागतात. नाव नसेल तर फॉर्म ६, पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८. मग घरातल्या प्रत्येकाचं बघा. आणि तुमच्या बूथवर मागच्या वेळी जिंकलेल्या-हरलेल्याला किती मतं पडली ते फॉर्म २० मध्ये असतं, ते शोधून मला पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये आपण तुमच्या बूथचेच आकडे उघडून बघू.

भेटू पुढच्या रविवारी. काळजी घ्या.