खासगी म्हणजे नक्की कुणाची?

मुरबाड स्टँडवर एसटी चुकली की आपण काय म्हणतो? "चल, खासगी गाडी बघू." शहापुरात खासगी क्लास, खासगी दवाखाना. पण मराठेशाहीत 'खासगी' हे चक्क एक खातं होतं.

रोममध्येही तसंच. चौथ्या शतकात सम्राटाच्या जमिनी आणि त्यांचा खंड सांभाळायला वेगळा बडा अधिकारी असायचा. खात्याचं नाव 'रेस प्रिवाता'. बेवारस मेलेल्याची, शिक्षा झालेल्याची जमीनही तिथेच जमा. म्हणजे नाव खासगी, आणि भर पडायची सत्तेच्या जोरावर!

आपल्याकडे १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगीची जहागीर मिळाली. दौलतीचा हिशेब वेगळा, खासगीचा वेगळा. पुढे ती अहिल्याबाईंकडे आली आणि घाट, देवळं, धर्मशाळा यांवरचा खर्च त्यांनी त्यातून केला.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. मग हे घाट कुणाचे? खासगीचं उत्पन्न सरकारकडे गेलं, बदल्यात धर्मादायासाठी वर्षाला २,९१,९५२ रुपये ठरले. १९६२ मध्ये ट्रस्ट झाला. नंतर काही मालमत्ता विकल्या गेल्या. हरिद्वारच्या कुशावर्त घाटाचं प्रकरण तर फार गाजलं. शेवटी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा सार्वजनिक ट्रस्ट आहे, तशी नोंदणी करा, आणि परवानगीशिवाय झालेल्या विक्रीची तपासणी होऊ द्या.

तुमच्या गावच्या देवस्थान जमिनीचा सातबारा कुणाच्या नावावर आहे? बघा, आणि व्हॉइस नोट पाठवा.