अंगरखा एकाचा, स्वभाव दुसऱ्याचा

मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचे. मी विषाणूंवर बोलतो आहे याचे काहींना नवल वाटेल. पण बटाट्याच्या एका विषाणूविषयी वाचले आणि ती गोष्ट मला ओळखीची वाटली. तीही मजकूर उतरवून घेण्याचीच गोष्ट आहे.

बटाटा आपण बी पेरून लावत नाही, त्याचे बेणे लावतो. अख्खा किंवा चिरलेला बटाटा मातीत घातला, की त्याच्या डोळ्यांतून कोंब फुटतात. म्हणजे एका जातीचे सारे शेत हे एकाच झाडाचे असंख्य तुकडे असतात. त्यामुळे चव आणि आकार टिकतो. पण बेण्यात शिरलेला रोगही टिकतो. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर पंजाबातून आलेले बेणे लावतात. ते रोगट असले, तर रोगही त्याच ट्रकमधून येतो.

अशा रोगांतला एक मोठा म्हणजे ‘पोटॅटो व्हायरस वाय’. इंग्लंडमध्ये केनेथ स्मिथ यांनी १९३१ साली तो वेगळा ओळखला. मावा हा किडा त्याला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो, तेही काही सेकंदांत. औषध फवारून मावा मरेपर्यंत विषाणू पानात उतरलेला असतो.

या विषाणूचा सारा मजकूर सुमारे ९,७०० अक्षरांचा, आरएनएच्या एका धाग्यावर लिहिलेला. झाडाच्या पेशीत शिरला, की त्याच्या नकला सुरू होतात. पूर्वी उर्दू वृत्तपत्रांचा मजकूर कातिब हाताने लिहीत. समजा, कातिबासमोर एकाच लेखाच्या थोड्या वेगळ्या दोन प्रती आहेत. लिहिता लिहिता नजर एकीवरून दुसरीवर गेली; शब्द जुळत होते म्हणून लेखणी थांबली नाही. तयार झालेला कागद धड पहिला नाही, धड दुसरा नाही. एकाच पेशीत दोन वाणांचे विषाणू भेटले, की असेच घडू शकते. शास्त्रज्ञ याला पुनर्संयोजन म्हणतात.

‘वाय’चे दोन जुने वाण म्हणजे ‘ओ’ आणि ‘एन’. ‘ओ’ने बटाट्याची पाने ठळकपणे चट्टेरी होतात, सुरकुततात. ‘एन’ बटाट्याच्या पानांवर सौम्य असतो, मात्र तंबाखूच्या पानांच्या शिरा करपवतो. १९८०च्या दशकात या दोघांच्या मिश्रणाचे वाण युरोपात लक्षात आले. हंगेरीतल्या वाणाने बटाट्याच्या सालीवरच करपट वलये उठू लागली; असा माल बाजारात कोण घेणार? पोलंडमध्ये विल्गा जातीवर सापडलेला वाण आणखी चकवणारा. त्याचा अंगरखा ‘ओ’चा, म्हणून अंगरखा पाहणारी चाचणी त्याला ‘ओ’ म्हणते. तंबाखूवर मात्र तो ‘एन’सारखा वागतो. खरी ओळख पटवायला मजकूरच वाचावा लागतो.

पुढे युरोपात आणि उत्तर अमेरिकेत या मिश्र वाणांनी जुन्या ‘ओ’ला मागे टाकले. त्याचे एक कारण साधे आहे. बेण्याच्या शेतात माणसे फिरून रोगट झाडे उपटतात. पान जवळजवळ निरोगी दिसले, तर ते झाड उपटणार कोण?

यावर उपाय आहेत. आपल्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने उत्तरेच्या मैदानी भागासाठी एक पद्धत बसवली: मावा कमी असतो त्या हिवाळ्यात बेण्याचे पीक घ्यायचे आणि मावा वाढण्याआधी, जानेवारीच्या सुरुवातीला, पाला कापून टाकायचा. दुसरा उपाय बटाट्याच्या रानटी भाऊबंदांत सापडला. मेक्सिकोतल्या एका रानटी जातीतील जनुक ‘वाय’च्या जुन्या-नव्या वाणांना दाद देत नाही. पैदासकारांनी ते लागवडीच्या जातींत आणले आहे.

विषाणू सतत मिसळतो, बदलतो. आपण मात्र एकच बटाटा वर्षानुवर्षे उतरवत राहतो. म्हणून डोंगरातल्या, खाण्याच्या कामी न येणाऱ्या त्या रानटी जाती जपायला हव्यात. आणि बेणे घेताना भावाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: याची प्रयोगशाळेत तपासणी झाली आहे का? पानांवर विसंबण्याचे दिवस आता राहिले नाहीत.