टपरीवरचं बाकडं
(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



मला शाळेबद्दल बोलायला सांगितलंय. पण आपली अर्धी शाळा हरिहरेश्वरच्या देवळाच्या वाटेवरच्या चहाच्या टपरीत भरायची, हे सरांनाही ठाऊक होतं. म्हणून त्या टपरीबद्दलच बोलतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. वारा ओसरल्यावर बाहेर आलो, तर घराची कौलं अंगणात आणि आजोबांनी लावलेल्या पोफळी मोडून आडव्या. वीज गेली, मोबाइल बंद पडले. त्यात कोरोना, मुंबईचे भाऊ येणार कसे?

टपरीचे पत्रेही उडाले होते. दुसऱ्या दिवशी टपरीवाल्या काकांच्या मुलानं ताडपत्री बांधली, तीन दगडांची चूल मांडली आणि कोरा चहा ठेवला. पैसे कुणाकडे मागितले नाहीत. हळूहळू माणसं जमली. करवत कुणाकडे आहे, कुणाच्या घरावर आधी ताडपत्री टाकायची, श्रीवर्धनहून कुणाची औषधं आणायची, सगळं तिथंच ठरायचं.

मी मात्र गप्प बसायचो. पोफळ लावली की सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. पन्नाशी उलटलेल्या माणसानं पुन्हा कशाला लावायची? वाडी विकून मुलाकडे पनवेलला जायचं, असं मनात पक्कं झालं होतं.

तेव्हा बाकड्यावर शेजारी येऊन बसला तो आपल्याच वर्गातला एक जण. बांधावरून वाद झाला आणि नऊ वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. आज तो समोर बसलाय. नाव घेतलं तर लाजेल. म्हणाला, "उद्या करवत घेऊन येतो. आधी तुझी वाडी मोकळी करू." एवढंच बोलला. मला उत्तर देता आलं नाही, चहा तेवढा पुढे केला.

पंधरा दिवस आम्ही दोघं राबलो. पुढच्या पावसात दोघांनी मिळून रोपं लावली. बांधाचा विषय पुन्हा निघाला नाही. पनवेलचाही नाही.

मित्रांनो, गावी याल तेव्हा उतरा कुठंही, पण चहाला टपरीवर या. आणि इथं कुणी कुणाशी बोलत नसेल, तर आज पंगतीत त्याच्या शेजारी बसा. सुरुवात दुसऱ्यानं करायची वाट बघू नका. मी नऊ वर्षं बघितली.