तात्पुरते छप्पर आणि हक्काची जागा



आपत्तीत ज्या कुटुंबाचे घर पडते, त्याला दोन घरे लागतात. एक आजच्या रात्रीसाठी व दुसरे जन्मभरासाठी. पहिले दिले की दुसऱ्याचा हक्क भागला, असा समज सरकारदरबारी सहज रुजतो. तो आपण रुजू देता कामा नये. एवढीच गोष्ट मला आपणांपुढे मांडावयाची आहे.

आजच्या धाराशिव व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याला हा धडा नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारीचे नाव जगभर गेले. परंतु सास्तूर, राजेगाव, होळी ही त्या वेळच्या उमरगा तालुक्यातील गावेही त्याच पहाटे जमीनदोस्त झाली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे ८ हजार माणसे मेली. ती जमिनीच्या हादऱ्याने मेली, त्याहून अधिक स्वतःच्या घराखाली मेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, हे तेथील प्रतिष्ठित घराचे रूप होते. उलट, ज्यांना दगडी वाडा कधी परवडला नाही, त्यांची हलक्या छपराची झोपडी पडली तरी माणूस बहुधा वाचला. हलके घर म्हणजे हीन घर नव्हे, हे त्या पहाटेने दाखवून दिले.

त्यानंतर पत्र्याच्या खोल्या आल्या. उघड्यावर पडलेल्या माणसांना पावसात व थंडीत त्यांनी आसरा दिला, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली तान्हे मूल निजवावयाचे म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको. नव्या जागी पक्की घरे उभी राहीपर्यंत कित्येक कुटुंबांनी असे एकाहून अधिक उन्हाळे काढले.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. जी ५२ गावे नव्या जागी हलविण्यात आली, तेथे पक्के घर किती मोठे मिळावे, हे जमिनीवर ठरले. भूमिहीन व १ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यास २५० चौरस फूट. १ ते ७ हेक्टरवाल्यास ४०० चौरस फूट. त्याहून अधिक जमीन असणाऱ्यास ७५० चौरस फूट. भूकंपाने सातबारा पाहून कोणाला सोडले नव्हते; पुनर्वसनाने मात्र सातबारा पाहून घर मोजले. ज्यांना पिढ्यान् पिढ्या जमीन धारण करू दिली नाही, ज्यांची वस्ती गावकुसाबाहेर ठेवली, त्यांना जमीन नाही म्हणून घरही लहान! जुना अन्याय नव्या नकाशात उतरतो तो असा, कोणी जातीचे नावही न उच्चारता.

आज कारखान्यात तयार केलेल्या भिंती व पोलादी सांगाडा ट्रकमधून आणून थोड्या दिवसांत बोल्टांनी जोडता येणारी घरे उपलब्ध आहेत. त्यांच्या भिंतींत उष्णता अडविणारा थर घालता येतो. काम संपल्यावर ती उकलून दुसरीकडे नेता येतात. सप्टेंबर २०२५ च्या पुराने परंडा व भूम तालुक्यांत लोकांची घरे पाण्यात गेली. अशा वेळी शाळेच्या ओसरीवर दिवस काढण्यापेक्षा हे घर शतपटीने बरे. म्हणून आपण त्याला विरोध करू नये. मात्र ते कोणत्या अटींवर घ्यावयाचे, हे आपण ठरवावे.

ब्रिटनचे उदाहरण पाहा. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांनंतर तेथील सरकारने १९४४ साली कायदा केला आणि दीड लाखांहून अधिक तात्पुरती घरे उभारली. ती दहापंधरा वर्षांपुरती होती. पण त्यांतील काहींत माणसे अर्धशतकाहून अधिक काळ राहिली. ती राहू शकली, कारण त्या घरांना स्वयंपाकघर, न्हाणीघर व वाहते पाणी पहिल्या दिवसापासून होते. तात्पुरते किती काळ टिकेल हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून तेही माणसाला शोभेल असेच असावे.

ही काही भिक्षा नव्हे. उत्तर प्रदेशात अनुसूचित जातींच्या कुटुंबांसाठी घरे बांधण्यास जमीन घेतली गेली, तेव्हा जमीनमालक न्यायालयात गेले. चमेली सिंग खटल्यात डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते भूसंपादन कायम केले. निवारा हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्यात नुसते छप्पर नव्हे, तर पुरेशी जागा, उजेड, हवा, पाणी व स्वच्छताही येते, असे न्यायालयाने सांगितले. त्याही आधी, १९४२ च्या नागपूर परिषदेत, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली होती. तिचा गाभा छप्पर नव्हता. पायाखालची जमीन होती.

तेव्हा तात्पुरत्या घराची किल्ली हाती घेण्यापूर्वी चार गोष्टी लेखी मागून घ्या. पक्के घर कोणत्या तारखेपर्यंत मिळणार? ते कोणत्या जागेवर, आणि नवराबायको दोघांच्या नावे मिळणार काय? त्याचे माप घरातील माणसांवर ठरणार की जमिनीवर? आणि ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीत ज्यांचे नाव नाही, जो सालगडी मालकाच्या आवारात राहत होता, जी विधवा दिराच्या ओसरीवर होती, त्यांचे नाव यादीत आहे काय?

यादी चावडीवर मोठ्याने वाचून घ्या. ज्याला वाचता येते त्याने ज्याला येत नाही त्याच्याजवळ बसावे. हरकतीचा अर्ज एकट्याने न देता वस्तीने मिळून द्यावा व त्याची पोच जपून ठेवावी. पत्र्याची खोली सरकार उचलून नेईल तेव्हा तुमच्या हाती हा कागद असेल, आणि हक्काच्या जागेची मागणी त्याच्याच आधारे पुढे चालवावयाची आहे.