क्लायंटला बागुलबुवा दाखवू नका!

आजचा एपिसोड छोटा आहे, पण ज्यांना रोज क्लायंटला मेसेज टाकावे लागतात, त्यांच्या खूप कामाचा आहे.

हा मेसेज ऐका. "आज रात्री १२ पर्यंत केवायसी केलं नाही तर तुमचं खातं बंद होईल." कोणी पाठवला असेल? बँकेने की भामट्याने? कळत नाही ना? तोच तर प्रॉब्लेम आहे. 'डिजिटल अरेस्ट'चे प्रकार इतके वाढले की ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधान 'मन की बात'मध्ये त्यावर बोलले. कोणी घाबरवून घाई करत असेल तर आधी फोन ठेवा, हे आता लोकांना सतत सांगितलं जातंय. अशा वेळी तुमचाही मेसेज त्याच सुरात असेल, तर समोरचा तुम्हालाही त्याच रांगेत उभं करणार!

भीती चालते, हे खोटं नाही. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की हजार रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा हजार गमावल्याचं दुःख जास्त टोचतं. म्हणून 'शेवटची संधी' वाचून बोट पटकन क्लिक करतं. पण किती वेळा? चौथ्या 'शेवटच्या संधी'ला तो तुम्हाला म्यूट करतो.

आता उदाहरण घेऊ. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ साठी ११ तारीख असते. एक अकाउंटंट लिहितो, "डेटा दिला नाही तर लेट फी, नोटीस, सगळं तुमच्यावर. मग आम्हाला सांगू नका." दुसरा लिहितो, "दादा, ८ तारखेपर्यंत विक्रीची बिलं पाठवा. रिटर्न ११ च्या आत जाईल, तुमच्याकडून माल घेणाऱ्यांना क्रेडिट वेळेत दिसेल आणि लेट फीही लागणार नाही."

नियम तोच, तारीख तीच, लेट फीसुद्धा दोन्हीकडे आहे. पण पहिल्यात क्लायंट आरोपी आहे, दुसऱ्यात तुमच्या बाजूचा माणूस. आणि त्याला नेमकं काय करायचंय, तेही कळतं.

मग वाईट बातमी लपवायची का? अजिबात नाही. पॉलिसीत काय कव्हर होत नाही, हे सही घेण्याआधीच सांगायचं. गोड बोलून खरं दडवणं ही पण फसवणूकच. साधा हिशोब ठेवा: धोका एका वाक्यात, उपाय दुसऱ्या वाक्यात, तारीख तिसऱ्या.

आपल्याकडच्या दुकानातली जुनी पाटी आठवा: 'आज रोख, उद्या उधार'. आहे नकारच, पण गिऱ्हाईक हसत पैसे काढतं!

आता व्हॉट्सअॅप उघडा, क्लायंटला पाठवलेले शेवटचे पाच मेसेज वाचा आणि 'नाहीतर' किती वेळा आलंय ते मोजा. जिथे आलंय तिथे 'म्हणजे' टाकून वाक्य पुन्हा लिहून बघा. "बिलं पाठवा, नाहीतर..." ऐवजी "बिलं पाठवा, म्हणजे..." पुढचं वाक्य आपोआप सुचेल.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!