ठराव, चूक आणि कबुली



सुवर्णमहोत्सव म्हणजे संस्थेच्या जमाखर्चाचा दिवस. देणग्यांचे आणि बांधकामाचे आकडे अभिमानाने मांडले जातात. चुकांचे पान मात्र बहुधा कोरेच राहते. ते कोरे ठेवल्याने काय घडते, हे महाडच्या इतिहासाने दाखवून दिले आहे.

सार्वजनिक पाणवठे व धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजास खुल्या असाव्यात, हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई विधिमंडळात संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. तो दप्तरात राहिला, तळ्याच्या पायऱ्यांपर्यंत पोहोचला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सहकाऱ्यांसह तेथील पाणी प्राशन केले, तेव्हा परिषदेस आलेल्यांवर हल्ले झाले. चूक मान्य करून ठराव अमलात आणण्याची ती वेळ होती. नगरपालिकेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ठरावच रद्द केला. न्यायालयीन वाद मार्च १९३७ पर्यंत चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय डॉ. आंबेडकरांच्या बाजूने लागला.

येथे दोन चुका दिसतात. ज्यांच्यासाठी निर्णय घेतला, त्यांच्यापर्यंत तो नेला नाही; आणि उणीव उघडी पडताच दिलेला शब्दच पुसला. दुसरी चूक पहिलीहून जड.

प्रतिक्रमण म्हणजे मागे फिरणे. आलोचनेत दोष स्वमुखाने सांगावा लागतो. मौन म्हणजे आलोचना नव्हे. संवत्सरीला क्षमापनेची पत्रे आप्तेष्टांना जातात, पण ज्याचे मन खरोखर दुखावले त्याच्या दारी पाऊल क्वचितच वळते. संस्थेच्या दवाखान्यातून रिक्तहस्ते परतलेला रुग्ण किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज उत्तराविना राहिलेला विद्यार्थी, हेच संस्थेच्या क्षमापनेचे पहिले अधिकारी होत.

भगवान महावीरांनी लोकांना समजणाऱ्या अर्धमागधीत उपदेश केला, असे परंपरा सांगते. मंदिराच्या दारावरील फलक मंदिरात येणाराच वाचतो. पोलादपूरच्या डोंगरवाडीतील वृद्धेला शिबिराची वार्ता शाळेतून, ग्रामपंचायतीतून, एसटीच्या थांब्यावरून, तिच्याच बोलीत कळली पाहिजे.

म्हणून वार्षिक अहवालात एक पान चुकांसाठी राखावे: काय चुकले, कोणास त्रास झाला, सुधारणा कोणी व केव्हा केली. त्या पानाने संस्थेची प्रतिष्ठा घटणार नाही, विश्वास वाढेल. विश्वस्त या शब्दातच तो विश्वास आहे.

जय जिनेंद्र!