शिक्षकाच्या हाती ऑनलाइन साधन



शिक्षणावरचे व्याख्यान म्हटले की अभ्यासक्रम, परीक्षा आणि शिस्त या तीन गोष्टी ऐकण्याची तयारी श्रोत्यांना ठेवावी लागते. आज आम्ही त्या तिन्ही बाजूला ठेवणार आहोत. वर्गात ऑनलाइन साधने वापरा, असे शिक्षकाला सगळेच सांगतात. ती वापरण्यास त्याला मदत कोणी करावी आणि कशी करावी, एवढाच आजचा प्रश्न आहे.

'ऑनलाइन' हा शब्द आपल्या प्राथमिक शिक्षकाच्या कानी कोणत्या वाटेने आला, हे आधी पाहिले पाहिजे. तो शिकवण्याच्या वाटेने आला नाही, माहिती भरण्याच्या वाटेने आला. २०१५ पासून 'सरल' प्रणालीत विद्यार्थ्यांची माहिती भरावयाची, मग 'यू-डायस'ची, मग पोषण आहाराची, शिवाय प्रत्येक उपक्रमाचे फोटो वर पाठवावयाचे. प्रार्थना संपते न संपते तोच खिशातला फोन वाजतो : अमुक तक्ता बारा वाजेपर्यंत पाठवावा. शाळा दोन शिक्षकी असेल तर दोन इयत्ता एका गुरुजींपुढे आणि दोन बाईंपुढे. गुरुजी तक्ता भरू लागले की दोन इयत्ता गप्प बसवून ठेवाव्या लागतात. ज्या यंत्राने शिकवण्याचा वेळ खाल्ला, तेच यंत्र शिकवण्यात तुमचा सोबती होईल असे सांगितल्यावर या माणसाला हर्ष का व्हावा? यात ज्यांना शिक्षकाचा आळस दिसतो, त्यांनी एक आठवडा अशा शाळेत काढून पाहावा.

आणि तरीही हा शिक्षक शिकत नाही असे नाही. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्यांनी कधी व्हिडिओ काढला नव्हता ते शिक्षक घरातल्या भिंतीवर फळा टांगून धडे चित्रित करू लागले. कित्येक घरांत एकच फोन होता आणि तो वडिलांबरोबर कामावर जात असे, ही अडचण निराळी; तिने मुलांचे फार नुकसान केले. परंतु शिक्षकांपुरते बोलायचे तर थोड्या आठवड्यांत ते जेवढे शिकले, तेवढे त्यापूर्वीच्या कार्यशाळांतून शिकले नव्हते. कारण उघड आहे. गरज उद्याच्या तासाची होती, आणि अडले की रात्री नऊ वाजता शेजारच्या शाळेतल्या बाईंना फोन करता येत होता. या दोन गोष्टी, उद्याचा तास आणि शेजारचा सोबती, आम्हांला सगळ्या मदतीचे मूळ वाटतात.

त्या नसल्या म्हणजे काय होते, याचे उदाहरण पेरू देशाचे आहे. तेथील सरकारने ग्रामीण शाळांतील मुलांना स्वस्त लॅपटॉप वाटले. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या संशोधकांनी ३१९ शाळांची पाहणी करून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. मुलांचा संगणकाचा वापर पुष्कळ वाढला होता. गणितात आणि भाषेत मात्र त्यांची प्रगती झाल्याचा पुरावा मिळाला नाही. सामान्य बुद्धीच्या काही चाचण्यांत थोडा लाभ दिसला, तेही सांगितले पाहिजे. कोणी म्हणेल, त्या शाळांत इंटरनेट जवळजवळ नव्हतेच. खरे आहे. परंतु इंटरनेट आल्यावरही लॅपटॉप उघडून भागाकार कोठे शिकवावा हे बाईंना कोणी दाखवणार नसेल, तर त्या तारेतून येणार काय?

आपल्या देशात १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे दूरदर्शनचा मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत संच बसवले गेले. त्यात महाराष्ट्र नव्हता. या प्रयोगात प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षणही दिले गेले, आणि ते केवळ पडद्यावर सोडले नव्हते; जोडीला रेडिओ होता, छापील साहित्य होते, हाताने करावयाचे प्रयोग होते. पन्नास वर्षांपूर्वी जे कळले होते ते आज विसरून, व्हिडिओ पाहा आणि प्रमाणपत्र घ्या, अशी प्रशिक्षणे आपण काढतो. व्हिडिओ एका बाजूला चालू असतो आणि गुरुजी दुसऱ्या बाजूला तक्ता भरत असतात.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि दहा लाख डॉलरच्या त्या रकमेतील निम्मी त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे आपणांस आठवत असेल. पाठ्यपुस्तकात छापलेल्या क्यूआर कोडशी त्यांचे नाव जोडले गेले आहे. पुरस्काराच्या वेळी त्यांच्या कामाचे जे वर्णन प्रसिद्ध झाले, त्यात आम्हांला महत्त्वाचा वाटला तो क्रम. मुलींची घरची भाषा कन्नड आणि पुस्तक निराळ्या भाषेत, ही अडचण आधी. ठिपक्यांची ती चौकोनी खूण त्यानंतर. आज ती खूण राज्याच्या पाठ्यपुस्तकांतून दिसते. खूण सर्वांकडे गेली, अडचण शोधण्याची सवय मात्र छापून पाठवता येत नाही.

ती सवय कशी लागेल? सातवीच्या भूमितीचा एक तास घेऊ. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश. फळ्यावर बाई एक त्रिकोण काढतात, कोन मोजतात, बेरीज येते. मुलाला वाटते, ही त्या त्रिकोणाची गंमत आहे. 'जिओजिब्रा' नावाचे साधन शाळांना फुकट मिळते, आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटवाचूनही चालते. त्यात त्रिकोणाचे टोक बोटाने ओढले की त्रिकोण लांबतो, चपटा होतो, कोनांचे आकडे बदलत राहतात. बेरीज तीच राहते. मात्र आमचे मत असे की पडदा लावण्यापूर्वी प्रत्येक मुलाने कागदाचा त्रिकोण कापावा, त्याचे तीन कोपरे फाडून एका रेषेवर शेजारी शेजारी मांडावेत. सरळ रेषा जुळलेली पाहून मूल चकित होते. मग पडदा. मग पडदा बंद करून विचारावे : चौकोनाचे काय होईल?

पडदा केव्हा लावावा आणि केव्हा बंद करावा, हे कोणत्याही पुस्तिकेत नीट लिहिता येत नाही. ते सोबत्याच्या वर्गात बसून दिसते. म्हणून ज्याला हे थोडे साधले आहे अशा शिक्षकाने दुसऱ्याला म्हणावे, "बाई, आधी तुम्ही माझ्या तासाला मागच्या बाकावर बसा; पुढच्या आठवड्यात मी तुमच्या तासाला बसतो." पहिला तास त्याने घ्यावा, दुसरा दोघांनी, तिसरा बाईंनी एकट्यांनी. वर्गात साहेब येऊन बसले की शिक्षक साहेबांना दाखवण्यासाठी शिकवतो. सोबती बसला की मुलांसाठी. शिवाय चाळीस मुलांसमोर यंत्र अडले तर आपली शोभा होईल ही भीती मोठी असते, विशेषतः ज्यांची नोकरी पंचवीस वर्षे झाली त्यांना. सोबत्याच्या समोर ती निम्मी होते. उरलेली, एखाद्या चुणचुणीत मुलीला "जरा बघ गं, हे का चालेना?" असे विचारण्याचे धैर्य आले की जाते. आणि तासाला साधनाची गरज नसेल तर ते कपाटात ठेवण्याची मोकळीकही शिक्षकाला हवी. कविता मोठ्याने म्हणण्याला पडदा लागत नाही.

आपल्याकडे केंद्रशाळा आहेत, केंद्रप्रमुख आहेत, केंद्राची शिक्षण परिषदही भरते. तिच्यातला एक तास परिपत्रके वाचण्याकडून काढून घेऊन असा एखादा पाठ प्रत्यक्ष पाहण्यास द्यावा. याला नवा निधी लागत नाही.

आता आपण नगरवासीयांनी काय करावे? लोकवर्गणीतून शाळेला मोठा टीव्ही देण्याची आपली हौस चांगली आहे. पण वीजबिल थकल्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळांची वीज तोडल्याच्या बातम्याही आपणच वाचतो. तेव्हा टीव्हीवर नाव कोरण्यापूर्वी बिल कोण भरणार ते विचारावे. येथे बँकांतून, कारखान्यांतून निवृत्त झालेली आणि संगणकावर आयुष्य काढलेली मंडळी बसली आहेत. त्यांनी आठवड्यातून एक दुपार एखाद्या शाळेचे तक्ते भरून देण्याची तयारी मुख्याध्यापकांपाशी दाखवावी. पासवर्ड मुख्याध्यापकांकडेच राहू द्यावा आणि मुलांची माहिती शाळेबाहेर नेऊ नये. तेवढी एक दुपार बाईंना दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसता येईल. शाळा जूनमध्ये उघडतील; मुख्याध्यापकांना भेटण्यास अजून अवधी आहे.